इसाकभाईंची बारा वर्षं

आजवर मी कुणापाशी, अगदी बायकोपाशीही, तोंडाने कबूल केली नाही अशी एक गोष्ट आहे. आमच्या कंपनीच्या वेबसाइटवर 'संस्थापक' असं एक पान आहे. त्यावर टाय लावलेला माझा फोटो आहे आणि फोटोखाली लिहिलंय, 'कुवेतमधील सुपरमार्केटचा बारा वर्षांचा अनुभव.' मी कुवेतला कधी गेलेलो नाही. माझ्याकडे पासपोर्टसुद्धा नाही.

ती बारा वर्षं इसाकभाईंची आहेत.

बोर्ली पंचतनच्या बाजारात इसाकभाईंचं किराणा दुकान आहे. जेमतेम दहा बाय बारा. पण कुवेतच्या सुपरमार्केटात मालाच्या दोन रांगांमधल्या वाटेला 'आईल' म्हणत, म्हणून यांनीही दुकानात सहा आईल पाडलेत. वाट खरं तर एकच, आणि तीही गुळाच्या ढेपेने अडलेली. तरी कुणी मीठ मागितलं की उत्तर येतं, "आईल तीन, वैनी. तुमच्या डाव्या खांद्यामागं."

वस्तू ते स्वतः काढून देत नाहीत. गिऱ्हाइकाने आपल्या हाताने उचलायची. हात पुरत नसेल तर स्टूल मिळतं. एकदा सत्तरीच्या सखूमावशी स्टुलावर उभ्या राहून साबूदाण्याचा डबा ओढत होत्या.

"अरे इसाक, पडले म्हणजे रे?"

"मलम आईल पाचला हाय, मावशे."

छातीवर अजून तिकडचा बिल्ला असतो. इंग्रजीत आणि अरबीत नाव, खाली 'मदतीला हजर'. जुम्म्याच्या नमाजाला जाताना तेवढा काढतात. "तिथं मदत करणारा दुसरा हाय," म्हणतात.

पण त्यांचं खरं वेड म्हणजे न्हाय-वही. दुकानात काय विकलं गेलं हे ते कधी लिहीत नाहीत. दुकानात जे नव्हतं आणि कुणीतरी मागितलं, ते लिहितात. मंगळवार, पापडखार, जोशी वैनी, दोनदा विचारलं. शनिवार, हत्ती, पाटलांचा नातू, रडला. एकदा शेवंता फणकाऱ्याने येऊन म्हणाली, "आमचं ध्यान आलं होतं का इकडं?" इसाकभाईंनी शांतपणे लिहिलं: नवरा, शेवंता, रागात.

मी हसलो तर म्हणाले, "हसा, मास्तर. पण जे हाय ते सगळ्यांना दिसतं. जे न्हाय ते गिऱ्हाइकाबरोबर दाराबाहेर जातं. त्याच्या मागं कोण जातो?"

ते जात. पुढच्या आठवड्यात जोशी वैनींचा पापडखार आलेला असे. पाटलांच्या नातवाला हत्ती मिळाला, प्लास्टिकचा, पण सोंड हलणारा.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझा कॉम्प्युटरचा क्लास. त्याआधी मी तहसील कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज टाइप करायचो. माझी कारकीर्द एवढीच. माझाच एक विद्यार्थी, निखिल, पुण्याला इंजिनीअर झाला. एका गणपतीत तो गावी आला, खाली नारळ घ्यायला म्हणून गेला आणि ती वही घेऊन दुपारपर्यंत पायरीवर बसून राहिला. मग धावत वर आला. "सर, हे ॲप आहे! हे कुणाकडेच नाही!"

असे आम्ही तिघं झालो. इसाकभाई सांगायचे, निखिल बनवायचा आणि मी स्कूटरवरून श्रीवर्धन, म्हसळा, दिवेआगर पालथं घालून दुकानदारांना शिकवायचो. वस्तू नसली की मोबाइलवरचं 'न्हाय'चं लाल बटण दाबायचं. महिनाअखेरीस काय भरायचं ते ॲप सांगणार. बटणावरचा शब्दसुद्धा इसाकभाईंचाच.

पुढे मुंबईचे एक साहेब पैसे घालायला तयार झाले. त्यांना संस्थापकांची माहिती हवी होती, कुणी आधी काय केलं त्याची. निखिलचं दोन ओळींत झालं. माझं लिहिताना तो थांबला. "सर, दुकानातला माणूस हवा एक तरी. त्यांनी मुद्दाम विचारलंय."

"इसाकभाई आहेत की."

"हो, पण मग मीटिंगला ते येणार. साहेबांनी पाणी मागितलं तर आईल सांगतील."

आम्ही दोघंही पोट धरून हसलो. आणि हसता हसताच मी म्हणालो, "त्यांची वर्षं माझ्या नावावर टाक." हे निखिल बोलला नाही. मी बोललो. खाली जाऊन इसाकभाईंना सांगितलं, तुमचं नाव पुढच्या कागदात घालू. ते म्हणाले, "तुमी लिवताय ना? मग झालं."

वेबसाइटवर ते पान झळकलं. काही महिन्यांनी त्यांच्या कॉलेजातल्या नातीने ते त्यांना मोबाइलवर वाचून दाखवलं. त्याच दुपारी ते माझ्या क्लासात आले. दार लोटलं, खुर्ची ओढून समोर बसले.

"मास्तर, तुमी पकडले जाल."

मी उगाच समोरचा कीबोर्ड सरळ केला.

"कुवेतला दुकानाच्या दारातून आत शिरलं की उजव्या हाताला काय?"

"फळं?" मी म्हणालो.

"मासळी! बगा, पयल्याच सवालाला नापास. लिवून घ्या."

आणि मी खरोखर लिहून घेतलं. मॅनेजर मल्याळी, चिडला की पुटपुटत गाणं म्हणायचा. ड्युटी पहाटे पाचला. थंड खोलीत जाताना मोज्यांचे दोन जोड, एकावर एक, नाहीतर बोटं बधिर. ईदला सुट्टी? सुट्टी कसली, त्या दिवशी डबल ड्युटी. तासभर त्यांनी माझ्याकडून त्यांचं आयुष्य घोकून घेतलं, मग उलटसुलट विचारलं. सगळं बरोबर आलं तेव्हा म्हणाले, "पास."

उठले नाहीत मात्र. बिल्ल्याशी चाळा करत बसले.

"एक हाय. ते कुणाला सांगू नका. अब्बा गेले तवा रजा मिळाली न्हाय. दिवसभर बिस्किटांचे पुडे लावले, एका रेषेत. मॅनेजर म्हणाला, आज काम झकास." बिल्ला सरळ करून म्हणाले, "तेवढं तुमच्या नावावर घेऊ नका, मास्तर. तेवढं माझ्याकडं राहू द्या."

मुंबईच्या मीटिंगमध्ये साहेबांनी कुवेतचं विचारलंच. मी मोज्यांचं सांगितलं, मल्याळी मॅनेजरचं गाणं सांगितलं. सगळे हसले. एक बाई म्हणाल्या, "किती कष्टातून वर आलात हो!" मी मान खाली घातली, तर तोही त्यांना विनय वाटला. अब्बांचं सांगितलं नाही. माझा प्रामाणिकपणा एवढाच.

परतल्यावर इसाकभाई पायरीवर वाट बघत होते. "काय विचारलं? अडकलात कुठं?" मी म्हणालो, नाही. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी मला सोडा पाजला.

ते पान अजून तसंच आहे. ती ओळ माझ्या फोटोखालून काढून, इसाकभाईंचा फोटो लावून त्याखाली लिहायची आहे. आणि त्याआधी त्यांच्यासमोर बसून, मी चोरी केली, एवढं म्हणायचं आहे. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.