लाटणं हातात असेल त्यानंच बोलायचं

बाळूच्या घरात चार माणसं होती आणि चौघंही एकदम बोलत. ऐकायला कुणी शिल्लकच राहत नसे. बाळूच्या वडिलांना, म्हणजे अप्पांना, कमी ऐकू येई म्हणून ते मोठ्यानं बोलत. त्यांना ऐकू जावं म्हणून त्यांची बहीण, म्हणजे बाळूची आत्या, त्याहून मोठ्यानं बोले. आणि त्या दोघांना "जरा हळू" एवढं सांगण्यासाठी बाळूच्या बायकोला सगळ्यांच्या वरचा सूर लावावा लागे.

आता गंमत बघा, या बाळूची नोकरी नेमकी उलटी. एका मोठ्या गोदामातल्या वायरलेस यंत्रांना तो पाळीपाळीनं बोलायला लावी. सगळी यंत्रं एकाच वाटेनं बोलतात. दोन एकदम बोलली की दोघांच्याही बोलण्याचं मातेरं. म्हणून प्रत्येकाला क्षणभराची पाळी द्यायची, आणि ज्याला काही सांगायचं नसेल त्यानं ती मुकाट्यानं पुढे सरकवायची. बाळूनं यासाठी नवी आखणी केली होती. तिच्याबद्दल विचारायला मोठ्या साहेबांनी घरी फोन केला, तर त्यांना मागून गुडघेदुखी, भाजीचा भाव आणि हरवलेला चष्मा हे तिन्ही विषय एकत्रच ऐकू आले.

"घरातली चार माणसं ज्याला आवरत नाहीत, तो माझी यंत्रं काय आवरणार?" साहेब म्हणाले. शुक्रवारी मी स्वतः तुझ्या घरी येऊन बघतो, आणि नाही पटलं तर तुझी तक्रार विभागात बदली, असंही त्यांनी ऐकवलं. तक्रार विभागात दिवसभर नुसतं ऐकून घ्यायचं असतं. घरी कधी कुणाचं ऐकून न घेतलेल्या माणसाला हे म्हणजे मरणच की हो.

बाळूनं स्वयंपाकघरातून लाटणं आणलं. ते ज्याच्या हातात असेल त्यानंच बोलायचं. आधी अप्पा, मग आत्या, मग तो स्वतः, शेवटी बायको. एकमेकांच्या वाटेत न येणारी यंत्रं एकाच वेळी बोलली तरी चालतात, म्हणून अप्पा गॅलरीत आणि आत्या न्हाणीघरात असतील तर दोघांनी एकदम बोलायला हरकत नाही, अशी सवलतही त्यानं दिली. आत्याला हे फार आवडलं. ती लाटणं मांडीवर घेऊन गप्प बसे आणि कुणी मागितलं की म्हणे, "आठवतेय. माझा नंबर आहे ना?"

शुक्रवारी दुपारी शेवटची तालीम झाली. बायकोला काहीतरी सांगायचं होतं, पण लाटणं आत्याकडे होतं. "नियम म्हणजे नियम," बाळू म्हणाला. आत्याला आठवेपर्यंत दारावरची बेल वाजली आणि बायकोचं सांगायचं राहूनच गेलं.

साहेब आत आले. पाहुणा येणार आणि एक खुर्ची कमी पडेल म्हणून अप्पांनी सकाळीच गॅलरीतली हिरवी खुर्ची आत आणून पंख्याखाली ठेवली होती. साहेब थेट तिच्यावरच बसले. बायकोनं तोंड उघडलं. बाळूनं असे डोळे वटारले की तिनं ते मिटलं.

लाटणं अप्पांकडे गेलं. त्यांनी साहेबांची तब्येत विचारली आणि उत्तर ऐकू न आल्यामुळे स्वतःची सांगितली. मग आत्या. ती आठवत बसली. घरात इतकी शांतता झाली की पंख्याची कुरकुर ऐकू आली. साहेब खूश होऊन मागे रेलले. बायकोनं डोक्याला हात लावला.

आत्याला काही आठवलं नाही. मग बाळूची पाळी आली, आणि स्वतःच्या पाळीला कधी कुणी लगाम घातलाय? त्यानं यंत्रं, पाळ्या, वाचणारा वेळ असं सगळं साग्रसंगीत समजावलं. बायको त्याचा सदरा ओढत होती, तो हात झटकत होता. साहेब मान डोलावत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "पण एखाद्याला काही तातडीचं सांगायचं असेल तर?"

"थांबेल की, साहेब," बाळू ऐटीत म्हणाला. "पाळी सगळ्यांचीच येते. थांबल्यानं कुणाचं काही अडत नाही."

आणि त्यानं लाटणं बायकोच्या हातात दिलं.

"साहेब," ती म्हणाली, "तुम्ही बसलायत ती खुर्ची मी आज सकाळीच रंगवलीय."

साहेब उठले. त्यांच्याबरोबर खुर्चीही वीतभर उठली आणि मग धपकन खाली पडली. लाटणं कुठे गेलं कुणास ठाऊक, चौघंही एकदम सुरू झाले. आत्या म्हणे टर्पेंटाइन, अप्पा म्हणे कात्री, बायको म्हणे आधी इकडे पाठ करा, बाळू म्हणे साहेब, भिंतीला टेकू नका. आणि आश्चर्य म्हणजे साहेबांना एकूण एक शब्द नीट कळला.

अप्पांचा पायजमा घालून दारात उभं राहत साहेब म्हणाले, "आखणी चांगली आहे. मंजूर. पण दोन पाळ्यांच्या मधे थोडी जागा मोकळी ठेव. ज्याचं अडलंय त्याला घुसता आलं पाहिजे." बदली टळली. बाळूला इतका आनंद झाला की त्यानं आत्यालाच मिठी मारली.

पुढच्या महिन्यात साहेब पायजमा परत करायला आले. खोलीत सगळ्या खुर्च्या कोरड्या ठणठणीत मांडलेल्या होत्या. साहेब मात्र मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "आधी सगळे एकदम बोला. मग बसतो."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या घरात पहिल्यांदाच कुणाला काही सुचेना. साहेब बराच वेळ उभेच होते.