लग्नघराच्या भिंतीला दोन हात

महापालिकेनं युवा दलाला सोबत घेऊन अमरावतीतले उकिरडे उपसायचे आणि रंगवून घाण केलेल्या भिंती पुसायच्या असं ठरवलं, तेव्हा प्रत्येक प्रभागाला एक मार्गदर्शक हवा होता. शेगाव नाक्यामागच्या गल्लीतून देवीदास गणोरकरानं सगळ्यांत आधी हात वर केला. त्याच्यानंतर कुणीच केला नाही, ही गोष्ट वेगळी! घरी येऊन त्यानं बायकोला छातीठोकपणे सांगितलं, "शकुन, आठ दिवस थांब. या प्रभागात कोण्या भिंतीवर एक अक्षर जरी दिसलं, त मी नावाचा देवीदास नाई."

शकुननं त्याला आधी पाय धुवायला सांगितलं, कारण इतवाऱ्याच्या बाजारातला चिखल तो ओसरीभर घेऊन आला होता.

देवीदास भाजी आणि झेंडूची फुलं विकतो. त्याच्या अंगात ही स्वच्छता एकाएकी शिरली नव्हती. दोन वर्षांपूर्वी त्याच्या हातगाडीवरचा पत्ताकोबीचा पाला वाऱ्यानं शेजारच्या भगवंतराव काळमेघांच्या फाटकात जाऊन पडला. भगवंतरावांची दर्यापूरकडे काळी जमीन आहे, पोरींच्या शिक्षणासाठी ते शहरात घर करून राहिले आहेत, आणि आवाज मात्र अजून वावरातलाच आहे. त्या आवाजात ते चारचौघांसमोर म्हणाले होते, की ज्याला स्वतःचा कचरा सावरत नाही त्यानं शेजार करू नये. झालं! तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. बायका भिंतीवरून गुपचूप वाट्या पोचवत राहिल्या, पण हे दोन गडी एकमेकांना पाहून आभाळाकडे बघायचे.

आणि मग या महिन्यात भगवंतराव स्वतः त्याच्या पायऱ्या चढून आले. हातात अक्षता, पत्रिका. "वर्षालीचं लग्न हाय रविवारी. तू नाई आला त मांडव सुना वाटन," एवढंच म्हणाले. देवीदास आत गेला आणि कांद्याच्या पोत्याआड उभा राहून त्यानं डोळे पुसले. कांद्यामुळे पाणी आलं असं त्यानं शकुनला सांगितलं. पोतं बांधलेलं होतं. पण खरं सांगायचं तर त्या दिवसापासून त्याला फुलांच्या टोपल्याही हलक्या वाटायला लागल्या होत्या. रविवारी ताठ मानेनं त्या मांडवात जायचं, यापलीकडे त्याला काही नको होतं.

आता घोळ कसा झाला ते ऐका. आपल्याकडे लग्नघराची दर्शनी भिंत रंगवतात हे तुम्हाला माहीतच आहे. गणपती, कलश, दोन बाजूंना केळीचे खांब, आणि मधोमध नवरदेव-नवरीची नावं. पाहुण्याला घर विचारावं लागत नाही. हे काम गल्लीत बंडू पेंटरकडे. सीझनमध्ये बंडूकडे एका वेळी सात-सात लग्नं असतात, म्हणून त्यानं स्वतःची एक रीत काढली आहे. आधी सातही घरी जाऊन नुसती नावं लिहून टाकायची. नाव पडलं की गिऱ्हाईक दुसरा पेंटर शोधत नाही. गणपती, कलश, केळी, 'शुभविवाह', सगळं मागाहून सवडीनं.

गुरुवारी सकाळी देवीदास बाजारात गेल्यावर बंडू आला, भगवंतरावांच्या पांढऱ्या भिंतीवर लाल रंगात 'कुलदीप संग वर्षाली' असं लिहिलं आणि पुढच्या लग्नाला धामणगाव रेल्वे या गावी निघून गेला. भगवंतराव पहाटेच व्याह्यांकडे दर्यापूरला गेले होते. त्यांची बायको वच्छला वर्षालीला घेऊन ब्लाउज आणायला गेली. घराला कुलूप. आणि बरोबर नऊ वाजता युवा दलाची तुकडी गल्लीत शिरली.

तुकडीची प्रमुख आकांक्षा मूळची अकोल्याची, इथे कॉलेजसाठी हॉस्टेलवर राहणारी. पोरगी शिस्तीची. तिनं देवीदासला फोन लावला तेव्हा तो भेंडी तोलत होता आणि समोरची बाई तीन-तीन भेंड्या मोडून पाहत होती. आकांक्षानं विचारलं, की कडुलिंबाच्या झाडाजवळच्या एका भिंतीवर एका पोराचं अन् पोरीचं नाव लिहिलं आहे, काय करायचं. अमरावतीत लिंबाचं झाड कोणत्या घराजवळ नाही? देवीदासनं ना घर विचारलं, ना नावं. प्रेमवीरांवर त्याचा आधीपासूनच राग होता. बाजारामागच्या शाळेच्या भिंतीवर त्यांनी बदामांचं शेत लावलं होतं.

"हेच पयले पुसा. मायबापाच्या इज्जतीचा सवाल हाय. रंगाचे दोन हात मारा, अक्षर दिसलं नाई पायजे," तो म्हणाला.

दलाचा नियम असा, की साफ केलेल्या भिंतीवर एक बोधवाक्य लिहायचं, खाली मार्गदर्शकाचं नाव. वाक्य देवीदासनं स्वतः रचलं होतं. त्याशिवाय आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो प्रभागाच्या ग्रुपवर टाकायचे. फोटोखाली काय लिहू, असंही आकांक्षानं विचारलं, आणि देवीदासनं भेंडी पिशवीत टाकता टाकता तेही सांगितलं.

दुपारी एक वाजता माल संपवून तो गल्लीत आला. ऊन असं होतं की कुत्रीसुद्धा नालीत बसली होती. भगवंतरावांच्या फाटकाजवळ त्याचे पाय थांबले. लग्नघराच्या भिंतीवर, लांबून वाचता यावं एवढ्या मोठ्या निळ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'इथे घाण करणाऱ्यास लाज वाटली पाहिजे. आपला, देवीदास गणोरकर.'

त्याच्या डोक्यात आधी काही शिरलंच नाही. मग ओसरीवर उभी असलेली शकुन म्हणाली, की सकाळी तिथे वर्षालीचं नाव होतं, तिनं दळण टाकायला जाताना पाहिलं होतं, परत आली तर हे. देवीदासला घाम फुटला, आणि तो उन्हाचा नव्हता. दोन वर्षं मनात ठेवून नेमका लग्नाच्या तोंडावर सूड घेतला, असंच कुणीही म्हणणार. भगवंतराव तर म्हणणारच!

त्यानं ग्रुप उघडला. आधीचा फोटो: कुलदीप संग वर्षाली. नंतरचा फोटो: घाण, लाज, देवीदास. खाली लिहिलं होतं, 'मार्गदर्शकांच्या आदेशानुसार प्रेमवीरांचा बंदोबस्त करण्यात आला.' त्यावर एकोणचाळीस अंगठे आले होते. भगवंतराव ग्रुपमध्ये होते.

त्यानं बंडूला फोन केला. बंडू म्हणाला, संध्याकाळपर्यंत येतो. पेंटरची संध्याकाळ म्हणजे शनिवार, हे देवीदासला पक्कं ठाऊक होतं. त्यानं आकांक्षाला बोलावलं. सगळं ऐकून पोरीचा चेहरा पांढरा पडला. तिनं ब्रश उचलला आणि त्या निळ्या अक्षरांवर पांढरा रंग मारायला घेतला. तुकडीतली बाकीची पोरं चित्र काढायच्या नावानं मागे सरली. चित्र कुणालाच येत नव्हतं. शेवटी देवीदासच भाजीचे दोन कॅरेट एकावर एक ठेवून वर चढला. नावं आकांक्षा लिहील, गणपती आपण काढू, असं त्यानं जाहीर केलं. शाळेत चित्रकलेत पास झालो होतो, असंही म्हणाला.

तेवढ्यात मोर्शीहून एक म्हातारी बाई संत्र्यांची पेटी ऑटोतून उतरवून गल्लीत उभी राहिली. ही पार्बताबाई, भगवंतरावांची थोरली बहीण, या घरी पहिल्यांदाच येत होती. ज्या भिंतीवर वर्षालीचं नाव असेल ते घर, असं तिला सांगितलं होतं, आणि गल्लीत तशी भिंत एकही नव्हती. शकुननं तिला आपल्या ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, जेवायला वाढलं. पार्बताबाईनं जेवता जेवता समोर पाहिलं आणि कॅरेटवरचा माणूस म्हणजे उशिरा आलेला पेंटर, हे तिनं स्वतःच ठरवून टाकलं. पुढचे दोन तास देवीदासला उसंत मिळाली नाही. सोंड फार बारीक झाली. आता फार जाड झाली. पोट एका अंगाला कलंडलं. कानाच्या जागी कान काढ बाप्पा, तिथं काहून काढून राहिला?

देवीदास मुकाट्यानं दुरुस्त करत गेला. हात आयुष्यभर जे हाताळतो तेच काढतो की काय कोण जाणे! पोट काशीफळाच्या भोपळ्यासारखं झालं होतं, सोंड दोडक्यासारखी, आणि मोदक तर साक्षात सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी. पण तो उतरला नाही. दुपट्टा भिजून मानेला चिकटला, मिशीला लाल रंग लागला, तरी तो रेघा ओढत राहिला. वर्षाली लहान असताना त्याच्या गाडीवरून गाजर उचलून पळायची, ते त्याला आठवत होतं. तिच्या लग्नाची भिंत कोरी राहणार नव्हती.

साडेचारला वच्छला आणि वर्षाली आल्या. त्यांनी भिंत पाहिली, देवीदासला पाहिलं, आणि पदर-ओढणी तोंडाला लावून हसू दाबत आत गेल्या. पाच वाजता भगवंतराव आले.

ते दर्यापुरात व्याह्यांच्या शेजारी बसले होते आणि चार वाजता त्यांनी मोबाइल उघडला, तेव्हा तो फोटो दिसला होता. व्याह्यांनी चष्मा लावून तो वाचला आणि आमच्या कुलदीपचा बंदोबस्त कोणी केला, असं विचारलं होतं. भगवंतराव तसेच उठले, जीपमध्ये बसले आणि वलगाव येईपर्यंत देवीदासला द्यायच्या शिव्या मनात लावून ठेवल्या. त्यातली पहिली त्यांच्या ओठांवर आली होती. तेवढ्यात ओसरीवरून पार्बताबाईनं हाक मारली.

"भगवंता, हा कोठचा पेंटर केला रे तू? गणपती पाहून घे कसा काढला त्यानं."

भगवंतरावांनी गणपती पाहिला. बराच वेळ पाहिला. मग कॅरेटवर ब्रश धरून उभा असलेला देवीदास पाहिला. देवीदास खाली उतरला. खोटं बोलायचं त्यानं ठरवलं होतं, पण ऐनवेळी जमलं नाही.

"भगवंतराव, भिंत म्याच पुसाले लावली. मले मालूम नोतं. मनात काई नोतं, तुमच्या पायाची शपथ."

भगवंतरावांचा रागानं लाल झालेला चेहरा हलू लागला, खांदे हलू लागले, आणि मग ते जे हसले ते आक्रीतच! हसता हसता त्यांनी देवीदासच्या खांद्याला धरलं.

"आक्का, हा पेंटर नोय," ते म्हणाले. "आपला शेजारी हाय."

दोन वर्षांत त्यांनी तो शब्द उच्चारला नव्हता. देवीदासला पुन्हा कांद्याच्या पोत्याआड जावंसं वाटलं, पण पोतं लांब होतं. त्यामुळे सगळ्यांसमोरच डोळे पुसावे लागले आणि रंग मिशीवरून गालापर्यंत गेला. आकांक्षानं ग्रुपवर माफी टाकली. तिला वच्छलानं आत बोलावून रविवारी अख्खं दल घेऊन यायचं आमंत्रण दिलं.

बंडू शनिवारी उगवला. भिंतीसमोर उभा राहून त्यानं डोकं खाजवलं आणि हे पुसून नवीन काढतो म्हणाला. भगवंतराव त्याच्यावर असे खेकसले, की तो रंगाचा डबा घेऊन मागे सरला. गणपती पुसायचा नाही. देवीदासनं काढला आहे, तोच राहील. कलश आणि केळी तेवढी काढ.

रविवारी देवीदास ताठ मानेनं मांडवात गेला. झेंडूची सगळी तोरणं त्याचीच होती. जेवणाच्या पत्रावळी युवा दलानं अशा उचलल्या, की मांडवात एक शीत सापडेना. त्या रंगीत भिंतीसमोर दोन्हीकडच्या पाहुण्यांचे फोटो निघाले, आणि भगवंतरावांनी स्वतः उभं राहून कोण कुठे उभा राहील ते ठरवलं.

आठ दिवसांनी अल्बम आला. देवीदासनं शकुनला जवळ बसवून आपला गणपती दाखवायला एकेक पान उलटलं. भिंतीसमोरचेच सव्वाशे फोटो होते. सव्वाशेच्या सव्वाशे फोटोंत, अगदी गणपतीसमोर, नवरदेवाचा सव्वासहा फुटी मामा उभा होता.