व्हय म्हाराजाची आण

किशोरीचा साखरपुडा झाला त्या वर्षीची, म्हणजे दोन हजार तेवीसची गोष्ट. मसुऱ्याच्या बाबूला, तिच्या बापाला, एक खोड होती. कोणी काहीही बोललं की हात जोडून म्हणायचा, "व्हय म्हाराजा." देवापुढच्या गाऱ्हाण्याला, प्रत्येक मागण्यामागे सगळे एका सुरात म्हणतात तेव्हा, ते शोभतं, पण हा घरातही तेच म्हणे.

"अवो, पेज करपली."
"व्हय म्हाराजा."
"म्हैस सुटली."
"व्हय म्हाराजा." आणि जागचा हलत नसे.

बायकोचे, सुगंधाचे, कान किटले होते. साखरपुड्याच्या सकाळी तिने त्याला बजावलं, "पावण्यांसमोर ह्या तोंडातसून काढल्यात तर माझ्या जिवाची आण आसा तुमका."

बाबूने तोंड उघडलं आणि मिटलं.

तळेऱ्याहून पाहुणे आले. मुलाचे आजोबा, भाई, नारळ घेऊन अंगणात गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. "बा देवा म्हाराजा, आज ही दोन घरां एक होतत, तेंका सुखी ठेव म्हाराजा."

कोणीच बोललं नाही. वाडीत पहिला होकार नेहमी बाबूचा, मग बाकीच्यांचा. वाडीकर त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. पाहुण्यांना वाटलं, आधी मुलीकडच्यांनी बोलावं. बाबू नुसता घाम पुसत होता.

भाईंनी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. पुन्हा सगळे गप्प.

"बापाच्या मनात नाय दिसता," म्हणत त्यांनी नारळ खाली ठेवला. "चला रे, गाडी काढा."

किशोरी दारात रडकुंडीला आली.

"अवो, बोला मरे," सुगंधा कुजबुजली.

"तू जिवाची आण घातलंस गो. मी बोललंय आणि तुझा काय झाला तर?"

"माझा काय ता मी बघतंय, पोरीचा बघा."

बाबूने नाही म्हणून मान हलवली. शेवटी सुगंधाच पदर खोचून अंगणात आली आणि ओरडली, "व्हय म्हाराजा." मागोमाग सगळी वाडी ओरडली. भाई हसले, नारळ फुटला.

पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, "आण सुटली. आता काय होया ता बोला."

"नको गो. जिवाशी खेळ कित्याक?"

मग तो होकाराला नुसती मान हलवू लागला. घर इतकं गप्प झालं की सुगंधा मुद्दाम भांडी आपटे. "दारात कोणतरी इला, बघा," असं खोटंच सांगे. तो मुकाट्याने उठे, दार बघून येई आणि पुन्हा बसे. मग तिलाच भरून येई.

लग्न वैशाखात झालं. सुगंधाला काहीच झालं नाही. बाबूच गेला, दोन हजार चोवीसच्या श्रावणात, नारळी पौर्णिमेच्या आदल्या दुपारी, ते शब्द पुन्हा एकदाही तोंडातून न काढता.