उगं जरा टेकवतो

बारामतीतल्या आमच्या शिंपी आळीत भिवातात्यांची डाळ कधी एका जागी शिजली नाही. सकाळी ती रामा लोहाराच्या भट्टीच्या कडेला गरम व्हायला लागे, दुपारी रंगाऱ्याच्या चुलाणावर तिला उकळी फुटे आणि दिवेलागणीला मिठाईवाल्याच्या उरल्यासुरल्या निखाऱ्यांवर ती मऊ होई. झाकणाचं पितळी भांडं फडक्यात गुंडाळून तात्या पेठेतून निघाले, की लोक आपण होऊन वाट देत. तात्यांना घाई असे. जाळ विझायच्या आत पोचायचं असे.

पोचले की एवढंच म्हणत, "उगं जरा टेकवतो."

"टेकवा की," रामा म्हणे. "पर तात्या, काल तुमच्या डाळीपायी माझा फाळ कच्चा राहिला."

"माझी डाळ बी कच्चीच राहिली की रं. फिट्टंफाट झाली."

ही गोष्ट एकोणीसशे तिसाच्या पुढच्या सालांतली. तात्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्याविषयी लिहायचं म्हणून बसलो, की आधी हसू येतं आणि मग बराच वेळ दौतीत टाक तसाच राहतो.

तात्यांना जाळाची पारख होती. पोथी वाचणारा जसा एकेका अध्यायाविषयी बोलतो, तसे ते भट्ट्यांविषयी बोलत. लोहाराचा जाळ तापट, माणूस चांगला असला तरी भांड्याचं बूड जाळणार. मिठाईवाल्याचा जाळ लबाड, दिसायला मोठा पण ऊब सगळी कढईला. कुंभाराच्या आव्याचा जाळ आईसारखा, त्याला कधी घाई नाही. आणि सगळ्यांत थोर जाळ गुऱ्हाळाचा. पौष उजाडला की तात्या भांडं घेऊन पणदऱ्याच्या वाटेला लागत. तिथल्या एका गुऱ्हाळावर चिपाडांच्या जाळाशी भांडं टेकवून मळीचा वास घेत बसत आणि संध्याकाळी परतत. येताना तोंड असं दिसे, की वाटावं, हे लग्न जेवून आले.

एकदा रंगाऱ्याकडे भात ठेवला होता. झाकण सरकलं, शेजारच्या रंगाच्या नांदीतून शिंतोडे उडाले आणि भात निळा झाला. रंगारी बिचारा हात जोडून उभा राहिला. तात्यांनी भात नीट न्याहाळला आणि म्हणाले, "पक्का हाय न्हवं रंग? मग काय काळजी न्हाय, पोटात उतरायचा न्हाय." आणि तिथंच उकिडवे बसून त्यांनी तो खाल्ला. पुढे चार दिवस आळीतली माणसं त्यांना जीभ दाखवायला लावत होती.

शिवणकामाला हात चांगला होता, पण इस्त्रीला त्यांच्याकडे कोळसे नसत. बंडी चुरगळलेलीच हातात ठेवत आणि गिऱ्हाईक कुरकुरलं तर सांगत, "आंगाच्या उबंनं सरळ हुती ती. घाला तरी."

आता हे सगळं विनोदाचं वाटतं. तेव्हाही वाटायचं. कालव्याचं पाणी खेळायला लागल्यापासून आमच्याकडे ऊस वाढत गेला होता. बांधावरच्या बाभळी गेल्या, गायरानं नांगराखाली आली. शेण पूर्वी गोवऱ्यांना जाई, ते उसाच्या खताला जाऊ लागलं. कालव्याच्या काठची झाडं सरकारची, फाटा मोडताना दिसला तरी राखणदार धरी. ज्याच्याकडे जनावर होतं, त्याची चूल पेटे. ज्याची बायको-पोरी रानात काटक्या वेचायला जात, त्याचीही पेटे. बाकीच्यांना वखार होती, पण दोन बंड्या शिवून पीठमीठ आणणाऱ्याला वखारीचं लाकूड झेपत नसे. तात्यांची बायको सुंद्रा, बारामतीला येण्याआधी ते बावडा गावी राहत असतानाच गेली. ती होती तोवर गोवऱ्या थापायची, काटक्या वेचायची. गडीमाणूस शेण वेचायला लागला तर लोक हसतात, आणि तात्यांना एवढ्या एका बाबतीत हसलेलं चालत नव्हतं. त्यांच्या खोलीत चूल होती. रोज सारवलेली असे. तिच्यात राख नसे.

चूल नसलेल्या घरात कुणी येत नाही, हे मला उशिरा कळलं. सकाळी आळीतल्या बायका हातात खापरी घेऊन एकमेकींकडे विस्तव मागायला जात. दारात उभ्या राहत, दोन गोष्टी बोलत. कुणाला दिवस गेले, कुणाचं पोर तापलं, सगळं त्या विस्तवाबरोबर घरोघर फिरे. तात्यांच्या दारावरून त्या पुढे जात. तात्या ओट्यावर सुई ओवत बसलेले असत आणि प्रत्येक खापरीकडे मान वर करून बघत.

ओट्यावरून आत बघितलं की खोलीत भिंतीला दोन पाट टेकून ठेवलेले दिसत. दोन्ही सागवानी, लग्नात करून घेतलेले. एक तात्यांचा, जुना झालेला. दुसऱ्यावर बसल्याची एक खूण नव्हती. मी एकदा विचारलं.

"त्यो पाव्हण्याचा," तात्या म्हणाले.

"कोण पाहुणा?"

"येईल की कुणीतरी. जाळाची सोय झाली की बोलवायचंच हाय. तुमालाबी बोलावनार हाय, मास्तर."

तोवर ते स्वतःही कुणाकडे जेवत नसत. लग्नाची पंगत बसली की मांडवाबाहेर नवऱ्या मुलाच्या अंगरख्याचा एखादा टाका उसवून पुन्हा घालत बसत. आग्रह केला तर म्हणत, "जेवायचं तर जेवू घालाया बी पायजे. जाळाचं तसं न्हाय. त्यो तुमचा तसाबी वायाच चाललेला असतो." म्हणून घरातल्या चुलीवर त्यांनी कधी भांडं टेकवलं नाही. चुलीपाशी बाई असते आणि बाई असली की ती ताट वाढते.

माझ्या बायकोनं, सरूनं, त्यातून वाट काढली. ती एक दिवस दारातूनच ओरडली, "तात्या, न्हाणीतलं चुलाण पेटवलंय. पाण्याचा जाळ हाय ह्यो, सैपाकाचा न्हाय. वाया चाललाय बगा."

तात्या विचारात पडले. "पाण्याचाच न्हवं?"

"आता काय जाळाला शपथ घ्याया लावू व्हय?"

तात्या भांडं घेऊन आले. त्या दिवसापासून आमच्या घरी आंघोळीचं पाणी दीड-दीड तास तापू लागलं. मी शाळेतून येई तेव्हा न्हाणीच्या दाराशी तात्या उकिडवे बसलेले आणि आत सरू चुलाणात एकेक काटकी सारतेय, असं चित्र असे. दोघं भांडत.

"तात्या, मीठ घातलं का?"

"घातलं."

"कवा? मी बघितलं न्हाय."

"तुजी नजर लागू ने म्हनून गुपचूप घातलं."

मी पुस्तक उघडून बसे आणि एकही ओळ न वाचता ते ऐके. आम्हाला मूल नव्हतं. घरात बोलणं असं थोडंच होई. आजही न्हाणीच्या दारावरून जाताना माझी पावलं मंदावतात.

मार्गशीर्षात सरू तापानं गेली. नऊ दिवसांचा ताप, बस.

मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारची माणसं भाकरी-पिठलं घेऊन येतात आणि दुखवट्यातल्या माणसाला बळंच दोन घास खायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात. आळीत कुणी कधी आणायचा हे बायकाच ठरवत. तात्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारणार तरी काय?

तिसऱ्या दिवशी दुपारी आमच्या दारात तात्या उभे होते. हातात तेच पितळी भांडं आणि वर फडक्यात बांधलेल्या चार भाकरी. घरात माझी बहीण होती, दोन शेजारणी होत्या. त्यांतली एक न राहवून बोलली, "आज कुणाची भट्टी गाठली वं तात्या?"

तात्या तिच्याकडे वळलेदेखील नाहीत. माझ्यापुढं भांडं ठेवून म्हणाले, "मास्तर, माज्या चुलीवर केलंय. माज्याच. कडू घास दुसऱ्याच्या जाळावर शिजवत न्हाईत."

भाकऱ्या एका बाजूनं करपल्या होत्या. पिठल्यात मीठ नव्हतं. मी जेवलो. तीन दिवसांत पहिल्यांदा घास गिळला गेला. तात्या समोर बसून माझ्या हाताकडे बघत राहिले आणि शेवटी अगदी हळू म्हणाले, "मीठ इसरलं. तिनं इचारलं न्हाय न्हवं."

तेरावं झाल्यावर बहीण गेली. चौदाव्या दिवशी मी भांडं घासून, पुसून ते परत द्यायला तात्यांच्या खोलीवर गेलो. इतकी वर्षं शेजारी राहून मी त्यांच्या उंबऱ्याच्या आत पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो. जे काही बोलणं होई ते ओट्यावरच होई.

चुलीत राख होती. राखेत लाकडाचा एक काळा पडलेला तुकडा राहिला होता. त्याला पाटाखाली असते तशी आडवी पट्टी होती आणि पट्टीत लोखंडी चुका. भिंतीशी एकच पाट उभा होता, कुणी न बसलेला तो.

मी त्या तुकड्याकडे बघत राहिलो. तात्यांनी ते पाहिलं आणि घाईनं पाट आडवा मांडला, हातानं पुसला.

"बसा की, मास्तर."

"तात्या, तुमचा पाट..."

"मला कशाला पायजे पाट? मी काय पाव्हणा हाय?"

मी बसलो. लाकूड गार होतं आणि कडा अजून हाताला लागत होत्या. तात्या समोर जमिनीवर बसले, मग उठले, पुन्हा बसले. घरात माणूस आलं की काय करायचं हे त्यांच्या हातांना आठवत नव्हतं. त्यांनी डब्यातून मूठभर डाळ काढून भांड्यात घातली, रांजणातलं पाणी ओतलं. मग चुलीकडे बघितलं.

"मास्तर, जाऊ नगा हं," ते म्हणाले. "रामाची भट्टी पेटलीया. उगं जरा टेकवतो आन् आलोच."

"मीठ?" मी विचारलं.

तात्या दारात थबकले. परत आले, चिमूटभर मीठ टाकलं, माझ्याकडे बघितलं आणि भांडं फडक्यात गुंडाळून निघाले. आळीतून त्यांची भरभर जाणारी पावलं ऐकू येत होती. कुणीतरी हसून विचारलं, "काय तात्या, एवढी घाई?" आणि तात्यांचा आवाज आला, आळीतल्या सगळ्या घरांना ऐकू जाईल असा:

"सर बाजूला. घरी पाव्हणा बसलाय."

डाळ शिजायला तीन भट्ट्या लागतात, हे मला ठाऊक होतं. शाळेची वेळ होत आली होती. मी बसून राहिलो.