सासूबाईंचा मौखिक इतिहास

ऑनलाइन कोर्स फुकट आहे म्हटल्यावर मुद्देसाहेबांनी आधी नाव नोंदवलं आणि विषय कोणता ते मग पाहिलं. 'समाजशास्त्र : माणूस समजून घेताना.' विमा कंपनीच्या क्लेमच्या खिडकीवर अर्धं आयुष्य काढलेल्या गृहस्थाला आता माणूस समजून घ्यायची हौस आली होती! हौस कसली, डोंबल. साडूच्या दिवाणखान्यात, सोफ्याच्या वर, एका ऑनलाइन विद्यापीठाचं प्रमाणपत्र सोनेरी चौकटीत लटकत होतं : 'जागतिक राजकारण, एक ओळख.' ही ओळख झाल्यापासून साडू जेवताना घास हातात धरून जगातले सगळे तंटे सोडवायचा आणि मुद्देसाहेबांना माना डोलवाव्या लागायच्या. महिनाअखेरीला तो सहकुटुंब जेवायला येणार होता. त्याआधी आपल्याही भिंतीवर चौकट लागली पाहिजे आणि त्याचं तोंड बंद झालं पाहिजे, एवढाच यांचा समाजशास्त्राशी संबंध.

(मुद्देसाहेब हे नाव आईवडिलांनी ठेवलेलं नव्हे. खिडकीशी आलेला माणूस "काय सांगू साहेब, त्या दिवशी सकाळी..." असं म्हणाला, की हे आतून खेकसायचे, "मुद्द्याचं बोला!" म्हणून हाताखालच्यांनी केलेलं बारसं.)

अभ्यास म्हणाल तर मजाच होती. एक प्राध्यापक पुस्तकांच्या कपाटासमोर बसून, सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट कुणालाच कळणार नाही अशा भाषेत सांगायचा. "कुटुंब ही एक संस्था आहे." (हे कळायला विद्यापीठ लागतं म्हणे!) मुद्देसाहेब त्याला दुप्पट वेगाने पळवत आणि दाढी उरकत. व्हिडिओ संपला की हिरवी खूण यायची. चाचणीत उत्तर चुकलं तर पुन्हा द्यायची मुभा, पुन्हा चुकलं तर पुन्हा. असल्या शिक्षणाला डोकं लागत नाही, अंगठा पुरतो.

घोडं अडलं ते शेवटच्या गृहपाठाशी. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची तासभर मुलाखत घ्यायची, तिला म्हणे मौखिक इतिहास म्हणतात. प्रश्न एकच विचारायचा. मग मध्ये बोलायचं नाही, स्वतःची बाजू मांडायची नाही. रेकॉर्डिंग न कापता पाठवायचं. तोंड उघडलं की नापास.

घरात वडीलधारं माणूस एकच, सासूबाई. थोरल्या लेकीचं घर सोडून त्या गेल्या वर्षी इथे राहायला आल्या होत्या आणि हा साडूवर मिळवलेला आपला विजय आहे, अशी मुद्देसाहेबांची ठाम समजूत होती. तेव्हा प्रश्नही त्यांनी बेतूनच काढला.

"तुम्ही? तासभर गप्प?" बायको म्हणाली.

"त्यात काय मोठंसं!"

"काही नाही. बसा बसा. मीपण बसते," म्हणत तिने शेंगा सोलायला घेतल्या आणि खुर्ची ओढली.

मुद्देसाहेबांनी फोन टेबलावर ठेवला, बटण दाबलं आणि घसा खाकरला. "आई, तुमच्या दोन्ही जावयांविषयी सांगा."

सासूबाईंनी चष्मा पुसला. "मध्ये बोलणार नाही ना?"

यांनी मान हलवली.

"नक्की?"

पुन्हा मान.

"अगं बाई, हे आधी नाही का शिकायचं!" सासूबाई सावरून बसल्या. "थोरला जावई बडबड्या. जेवायला बसलं की त्याची ती युद्धं सुरू. डोकं उठतं."

मुद्देसाहेबांना गुदगुल्या झाल्या.

"म्हणून इथे आले. धाकटे निदान दिवसभर ऑफिसात असतात."

बायको शेंगांच्या टोपल्यावर वाकून खुदखुदली. मुद्देसाहेबांनी तोंड उघडलं, फोनकडे पाहिलं आणि मिटलं.

"तुम्ही मुलगी बघायला आलात तेव्हाच मी आमच्या ह्यांना म्हटलं, मुलगा ऐकत नाही. हे म्हणाले, कानाचा दोष असेल, औषध देऊ. कान शाबूत होते हो!" त्यांनी चष्मा पुन्हा पुसला. "हे गेले, तेव्हा विम्याचे कागद घरी देऊ का म्हणून विचारलं. तुम्ही म्हणालात, रीतसर खिडकीवर आणा, घरात ऑफिस नको. आले. रांगेत उभी राहिले. म्हटलं, त्या दिवशी सकाळी ह्यांनी चहा मागितला होता... तुम्ही मान वर न करता म्हणालात, मुद्द्याचं बोला."

शेंगा सोलायचा आवाज थांबला.

"सगळ्यांसमोर. मला जावयाने. ती सकाळ माझी सांगायची राहूनच गेली बघा. आता सांगते."

आणि त्यांनी ती सांगितली. चहा, कपाला लागलेला हात, अर्धी उघडी खिडकी, सगळं. बायको पदराने डोळे पुसत होती. मुद्देसाहेबांच्या जिभेवर 'त्या दिवशी गर्दी फार होती' हे वाक्य नुसतं वळवळत होतं, पण ते एका शब्दाने बोलले नाहीत. भल्या माणसांना वाटेल, पश्चात्ताप झाला. छे! नापास व्हायची भीती.

तास भरला. फोन बंद झाला. आता बोलायला कुणाची मनाई नव्हती. सासूबाई वाट पाहत होत्या. बायकोही पाहत होती. 'आई, चुकलो' एवढं म्हटलं असतं तर जीभ काही झडली नसती.

"आवाज नीट आला असेल ना?" मुद्देसाहेब म्हणाले.

बायको उठून आत गेली आणि दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

या विद्यापीठात गृहपाठ विद्यार्थीच एकमेकांचे तपासतात. (प्राध्यापक बहुधा कपाटाची धूळ झटकत असावा.) शेरे आले : "आजी थोर आहेत." "आजींना आणखी ऐकायला आवडेल." "मुलाखत घेणारा खोलीत होता का? असल्यास शाबास!" पैकीच्या पैकी गुण मिळाले. साडूच्यापेक्षा चांगली वीतभर मोठी चौकट करून मुद्देसाहेबांनी प्रमाणपत्र जेवणाच्या टेबलासमोरच ठोकलं.

महिनाअखेरीला साडू आला. चौकटीखाली उभा राहून त्याने मोठ्याने वाचलं, "'मध्ये न बोलता ऐकून घेण्यात विशेष प्रावीण्य.' अरे वा!" त्याचे डोळे चक्क पाणावले. "माझा पुढचा कोर्स सुरू झालाय हो. घरी कुणी ऐकूनच घेत नाही." खुर्ची ओढून तो मुद्देसाहेबांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला.

मुद्देसाहेबांनी घाईघाईने तोंड उघडलं.

सासूबाईंनी आपलं ताट उचललं आणि आतल्या खोलीकडे निघाल्या. जाता जाता थोरल्या जावयाला म्हणाल्या, "सांगा तुम्ही खुशाल, अगदी पहिल्यापासून सांगा. हे मध्ये बोलत नाहीत. सर्टिफिकेट आहे त्यांच्याकडे."