लाल दांड्यांचा कटर

हत्यार निवडावं तर आम्हीच! हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगत नाही. शहाऐंशी साली नाहूरला शरच्चंद्र साहेबांच्या बांधकामावर मी स्टोअर सांभाळत होतो. फावडी, घमेली, थाप्या, ओळंबे, सगळी खरेदी माझ्या हातची. थापी बोटाने टणकन वाजवली की ती किती भिंती टिकेल ते मी सांगत असे. ती तेवढ्या टिकत नसे, तो थापीचा दोष.

इमारत चार मजली. दसऱ्याला ताबा देण्याचा शब्द साहेब देऊन बसले होते आणि दसरा तोंडावर आला होता. फ्लॅटवाले दर रविवारी बायकामुलांसकट यायचे, आपापल्या बाथरूममध्ये दाटीवाटीने उभे राहायचे, उघड्या भिंती बघायचे आणि गप्प निघून जायचे. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. अडलं होतं ते टाइल्सपाशी.

टाइल्सचे खोके यायचे ते लोखंडी पट्ट्यांनी आवळून. पट्टी दोन बोटं रुंद, आणि लग्नातला कोट पन्नाशीत चढवावा तशी घट्ट! आमचा मुकादम गुणाजी ती छिन्नी-हातोड्याने तोडायचा. गुणाजी मालवणकडचा, संपात गिरणी सुटल्यावर बांधकामात आलेला. त्याची छिन्नी पट्टीतून आरपार जाऊन खालच्या टाइल्सचाही निकाल लावायची. वर तुटलेली पट्टी स्प्रिंगसारखी उसळायची. मागच्या खेपेला तिने गुणाजीचा गाल फाडला. टाके पडले.

साहेबांनी मला बोलावलं.

"नंदकिशोर, त्याचा डोळा थोडक्यात वाचलाय. नवा माल येऊन पडलाय. पट्टी कापायचं नीट हत्यार घेऊन ये. आजच."

"साहेब, तुम्ही निर्धास्त राहा!"

साहेबांचा चेहरा पडला. माझ्या या वाक्याचा त्यांना अनुभव होता.

मी साकीनाका गाठला. हत्यारांचं दुकान, गल्ल्यावर माणिकशेठ.

"काय कापायचंय?" शेठनी विचारलं.

आता सांगा, हा काय मला विचारायचा प्रश्न झाला?

"लोखंड!" मी म्हणालो.

"कसलं? सळई, पत्रा, पट्टी?"

"अहो, लोखंड म्हणजे लोखंड! मजबूत काहीतरी दाखवा."

शेठनी चपट्या चोचीचा एक कटर पुढे सरकवला.

"हा?" मी हसलो. "हा शिंप्याला द्या!"

तेवढ्यात भिंतीवर तो दिसला. हातभर लांब, लालभडक दांड्या, मगरीसारखा जबडा.

"तो काढा!"

"तो बोल्ट कटर आहे. साखळी, कुलूप, सळई..."

"म्हणजे काहीही कापेल! झकास!"

शेठनी वाद घातला नाही. गिऱ्हाईक खूश असलं की दुकानदार वाद घालत नाहीत.

शेठनी तो वर्तमानपत्रात बांधून दिला, पण कागद कमी पडला. दोन्ही दांड्या बाहेर काढून तो माझ्या काखेत बसला. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "काय हो, पालखी घेऊन चाललात का?"

"कटर आहे."

"काय कापतो?"

"काय म्हणाल ते!" मी सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणालो. "कुलूप तर असं कचकन!"

शेजारच्या बाईंनी गळ्यातल्या मंगळसूत्रावर पदर ओढला आणि त्या दुसऱ्या बाकावर गेल्या.

"शटरचंही कुलूप?" मागून कोणीतरी कौतुकाने विचारलं.

"शटरचं कुलूप म्हणजे याला पापड!"

मागचे गृहस्थ उठले आणि बाईंच्या रिकाम्या जागेवर येऊन बसले. तेव्हा मला खाकी पँट दिसली. मग पट्टा दिसला. मग वर बघायचं धैर्य होईना.

"हवालदार भाऊराव," ते शांतपणे म्हणाले. "कुठल्या शटरचं?"

"नाही हो साहेब! ते नुसतं उदाहरण!"

"आमच्या हद्दीत अशी उदाहरणं फार व्हायला लागलीत. परवा एका साड्यांच्या दुकानाचं उदाहरण झालं."

"मी टाइल्सच्या पट्ट्या कापायला नेतोय. देवाशपथ!"

"चला तर मग. कापून दाखवा."

हवालदारांना घेऊन मी साइटवर आलो. शरच्चंद्र साहेबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग हवालदारांकडे, मग कटरकडे, आणि खुर्चीत बसले. गुणाजीने मात्र फक्त कटर पाहिला.

"सायबानू, ह्या काय हाडलात?"

"तू बघच," मी म्हणालो आणि बाह्या सरसावल्या.

जबडा उघडला, पट्टीला लावला. पट्टी खोक्याला अशी चिकटलेली की तिच्याखाली कागद जाईना. माझ्या कटरचा जबडा अंगठ्याएवढा जाड! वरून घातला, बाजूने घातला, गुडघे टेकून घातला, पालथं पडून घातला. जबडा पट्टीवरून नुसता घसरत होता. शेवटी पट्टी सोडून मी खोक्याचा कोपरा कापला.

हवालदार कंबरेवर हात ठेवून बघत होते.

"हा पट्टी कापत नाही," ते म्हणाले.

"थोडा सराव..."

"पट्टी कापत नाही, म्हणजे हा पट्टीसाठी आणलेला नाही." त्यांनी माझ्या हातातून कटर घेतला, आमच्या स्टोअरच्या दाराला लावला आणि दांड्या मिटल्या. कुलूप कचकन तुटून त्यांच्या पायाशी पडलं. "हं. कुलूप कापतो."

मी कुलूप उचलून पुन्हा कडीत अडकवून बघितलं. ते बसेना.

माझी ही अवस्था बघून गुणाजीला राहवलं नाही. तो छिन्नी-हातोडा घेऊन आला.

"बाजूक व्हा, सायबानू. मी दाखवतंय हवालदारांका, पट्टी खरीच तोडूची आसा ती."

"गुणाजी, नको!" साहेब ओरडले.

पण घाव बसला होता. पट्टी सुटली, सणकन उसळली आणि हवालदारांच्या डोक्यावरची टोपी उचलून थेट पाण्याच्या हौदात घेऊन गेली. टोपी थोडा वेळ तरंगली. मग बुडाली.

हवालदारांनी आधी डोकं चाचपलं. मग कान चाचपले. दोन्ही जागेवर होते. मग ते गुणाजीजवळ गेले आणि त्याच्या गालावरचे टाके निरखून पाहू लागले.

"हे यानेच झालं?"

"व्हय."

"वेडे आहात का रे तुम्ही? एखाद्याचा जीव जाईल!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तुम्ही! उद्या सकाळी ते दुकान दाखवायचं. हा तिथूनच घेतलाय की आणखी कुठून, ते बघतो. तोवर हा माझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी ओल्या टोपीचे हवालदार आणि मी साकीनाक्याला. माणिकशेठनी मला लगेच ओळखलं. "हो, माझ्याकडूनच नेला. फार खूश होते." हवालदारांनी त्यांना सगळं सविस्तर सांगितलं. पट्टी केवढी, किती घट्ट, कशी उसळते, टोपी कशी उडते. शेठनी कालचाच चपट्या चोचीचा कटर बाहेर काढला आणि आधीचा परत घेतला. हवालदार माझ्याकडे बघत होते. मी छताकडे बघत होतो. छतात बघण्यासारखं काही नव्हतं.

पण काय सांगू! हवालदारांसकट साइटवर आल्यावर त्या चोचीने कमाल केली. पातळ ओठ पट्टीखाली सुळकन शिरला. शेठनी बजावल्याप्रमाणे गुणाजीने पट्टीवर पाय दाबून धरला, मी तोंड बाजूला केलं, दांड्या मिटल्या. कट्! पट्टी जागच्या जागी आडवी झाली. टाइलला ओरखडा नाही, कोणाची टोपी उडाली नाही!

गुणाजी हसला. टाके ताणले गेले म्हणून लगेच थांबला. हवालदारसुद्धा "वा!" म्हणाले. मग मला कोण आवरणार? दुसरी कापली, तिसरी कापली, साहेब "अरे, आधी एक खोका उघडून तरी बघ" म्हणत होते तोवर अख्ख्या लॉटच्या पट्ट्या कापून मोकळा झालो! घाम पुसत उभा राहिलो. इतकं समाधान मला लग्नातही झालं नव्हतं.

मग साहेबांनी खोका उघडला. टाइल्स चॉकलेटी होत्या.

"आपण आकाशी मागवल्या होत्या," साहेब म्हणाले.

दुसरा खोका उघडला. चॉकलेटी. तिसराही तसाच. साहेबांनी ऑफिसात जाऊन टाइल्सवाल्याला फोन लावला. आम्ही दारात उभे. पलीकडचा माणूस फार सज्जन निघाला. चूक आमचीच, म्हणाला. उद्याच आकाशी माल पाठवतो, त्याच टेम्पोने चॉकलेटी परत घेतो, तुमचा दसरा चुकणार नाही! फक्त एक सांगून ठेवतो साहेब, खोक्यांच्या पट्ट्या शाबूत हव्यात. पट्टी तुटलेला माल आम्ही परत घेत नाही.

साहेबांनी फोन ठेवला. अंगणभर पट्ट्या पसरल्या होत्या. बाहेर येऊन त्यांनी त्यातली एक उचलून खोक्याभोवती धरून पाहिली. नवा माल दसऱ्याआधी हवा तर हा माल बांधलेलाच परत जायला हवा, एवढं माझ्याही लक्षात आलं.

"नंदकिशोर," शेवटी ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "पट्टी बांधायचंही काही हत्यार मिळत असेल ना रे?"

"साहेब, तुम्ही..."

मी पुढचं बोलायच्या आत हवालदारांनी टोपी डोक्यावर नीट दाबून बसवली.

"चला," ते म्हणाले. "यांना एकट्याला पाठवू नका."