मंजूर मापाचा मुखवटा

मंजुरी कक्षाचे साहेब, टेलरमास्तरांचा गाल तुम्ही चोरलात. पुरावा तुमच्याच कपाटात आहे.

मास्तरांना कानाखालच्या लाळग्रंथीचा कर्करोग निघाला. लाखात एखाद्याला होणारा. ऑपरेशनने गाठ गेली. उरलंसुरलं जाळायला सहा आठवड्यांच्या आत किरणांचा शेक सुरू झालाच पाहिजे, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. शेक घेताना मान तसूभरही हलू नये म्हणून गरम, मऊ जाळी तोंडावर ताणून मास्तरांच्या मापाचा मुखवटाही बनवला. राहिली फक्त सरकारी योजनेतून खर्चाची मंजुरी.

मंजुरी कक्षाच्या यादीत हा रोगच नव्हता.

"दुर्मिळ आहे ना, म्हणून नाही," कारकूनबाई म्हणाल्या. "असे दहा रुग्ण जमले की रकाना उघडतो. तुम्ही कितवे?"

"पहिला."

"मग नऊ जण आणा."

मास्तरांची बायको उसळली. "आणा म्हणजे? सहल निघालीय का आमची?"

पाच आठवडे फिरून फाईल शेवटी 'इतर' या सदरात मंजूर झाली. तोवर मास्तरांना घास गिळवेना. दहा किलो उतरले, गाल पार आत गेले. मुखवटा चढवला तर आत मान डुलायला लागली. नवा हवा होता.

"एका रुग्णाला एकच मुखवटा," कारकूनबाई म्हणाल्या. "मंजुरी या मापाला आहे. तुमचा चेहरा जुळत नाही. तो रुग्ण तुम्हीच कशावरून?"

मास्तरांनी चाळीस वर्षं मापं घेतली होती. "बाई, गिऱ्हाईक वाळलं तर आम्ही सदरा उसवतो. गिऱ्हाइकाला हाकलत नाही."

"म्हणूनच टेलर राहिलात. हे कार्यालय आहे."

डॉक्टरीणबाईंनी तीन पत्रं लिहिली. तीही 'इतर'मध्ये लागली. मग कक्षाच्या समितीने तोडगा काढला: मंजूर माप रोज हजर असणे आवश्यक, चेहऱ्याचा नियमात उल्लेख नाही. त्यानुसार रोज सकाळी टेबलावर रिकामा मुखवटा घट्ट बसवून शेक सुरू झाला.

"आत कोणी नाहीये," मशीनवाला कुजबुजला.

"नोंदीत आहे," कक्षातून उत्तर आलं.

तीस शेक वेळेत पार पडले. शेरा: 'रुग्ण शेवटपर्यंत हलला नाही. सहकार्य उत्तम.' मग मास्तरांचा भरला गाल धरून ठेवलेला तो मुखवटा फाईलसोबत तुमच्या कपाटात गेला, साहेब.

बाहेर बाकावर मास्तर गळ्यात टेप अडकवून बसले होते. कानाखाली हरभऱ्याएवढं काहीतरी पुन्हा लागत होतं. बायको खिडकीशी भांडायला गेली, तेवढ्यात रांगेतून कोणी ओरडलं, "ओ वहिनी, आटपा की! तुमच्या एकट्यांसाठी सगळ्यांनी खोळंबायचं का?"

साहेब उत्तर देणार नाहीत, हे ठाऊक आहे. पण वाचणारे तुम्ही, तुम्ही तर रांगेतच होता. तो आवाज कोणाचा होता? बोला.